नोकरी त्याची जाते, तिची सुटते

आमच्या घरात नोकरी दोनदा गेली. पहिल्यांदा नवऱ्याची, २०१३ च्या ऑगस्टमध्ये. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कंपनीने मशिनं उचलून वापीला नेली आणि माणसं इथेच टाकली. दुसऱ्यांदा माझी, २०२० च्या जूनमध्ये.

त्याची गेली तेव्हा लोक भेटायला आले. भेटायला म्हणजे जसे दहाव्याच्या आत येतात तसे. मोठे भाऊजी डोंबिवलीहून अर्धा डझन केळी घेऊन आले, कारण अशा वेळी पेढे नेत नाहीत आणि रिकाम्या हातानेही जात नाहीत. सोफ्याच्या कडेवर बसून पंख्याकडे बघत म्हणाले, "चालायचंच." सासूबाईंनी सोळा सोमवार धरले. समोरच्या काकू तोंडाने काही विचारायच्या नाहीत, पण सकाळी दहाला हा दूध आणायला खाली उतरला की त्यांचं दार बोटभर उघडायचं.

माझी गेली तेव्हा कोणी आलं नाही. लॉकडाऊन होता, मान्य. पण फोन तर चालू होते. नणंद फोनवर म्हणाली, "बरं झालं गं वहिनी, त्या लोकलच्या मरमरीतून सुटलीस एकदाची. आता जरा घराकडे बघता येईल." ती मनापासून बोलत होती, आणि मीही "हो ना" म्हणाले. फोन ठेवल्यावर तो शब्द डोक्यात अडकला. सुटलीस.

मराठीत पुरुषाची नोकरी जाते. पाकीट जातं, वीज जाते, जीव जातो, तशी ती जाते. म्हणजे कोणीतरी नेते किंवा काहीतरी अघटित घडतं. बाईची नोकरी सुटते. शाळा सुटते, कैदी सुटतो, एखाद्याची दारूसुद्धा सुटते. सुटल्याबद्दल कोणी केळी घेऊन भेटायला येत नाही.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण एक जुना इंग्रजी सिनेमा. मुलगा सुट्टीला घरी आला होता. एका रात्री लॅपटॉप टीव्हीला जोडून म्हणाला, "आई, हा बघ, हा बाबांवरच काढलाय." १९८३ चा 'मिस्टर मॉम'. लेखन जॉन ह्यूजचं, दिग्दर्शन स्टॅन ड्रॅगोटीचं. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातल्या जॅक बटलर नावाच्या इंजिनीअरची नोकरी जाते, त्याच्या बायकोला, कॅरोलाइनला, जाहिरात कंपनीत काम मिळतं आणि तीन लेकरांसह घर जॅकच्या गळ्यात पडतं. मायकेल कीटनने जॅक झक्क केलाय. मुलांना शाळेत सोडायला जातो तो उलट्या बाजूने गाडी घालतो आणि सगळ्या आया त्याला तू चुकतोयस म्हणून सांगतात. कपड्यांचं मशीन थैमान घालतं. व्हॅक्यूम क्लीनर धाकट्या मुलाची जीव की प्राण असलेली गोधडी गिळायला निघतो. काही दिवसांनी बाबा दाढी वाढवून, मळका शर्ट घालून, दुपारची मालिका बघत बसलेला असतो आणि शेजारणींबरोबर डिस्काउंटची कुपनं लावून पत्ते खेळतो.

मी पोट धरून हसले, हे आधीच सांगते. नवराही हसला. शाळेच्या प्रसंगाला तर त्याने उशीच तोंडावर धरली, कारण हे त्याच्या बाबतीत जसंच्या तसं झालं होतं. आमचा मुलगा तेव्हा चौथीत होता. पहिल्याच दिवशी हा त्याला घेऊन शाळेच्या पुढच्या गेटवर उभा. वॉचमन म्हणाला, "साहेब, ॲडमिशनचं ऑफिस वर." हा म्हणाला, सोडायला आलोय. वॉचमनने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गल्लीतलं मागचं गेट दाखवलं. तिथे पन्नासेक बायका रांगेत, पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवलेल्या, आणि हा एकटा इस्त्रीच्या शर्टात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं 'चौथी ब मम्मीज'. त्यात त्याला घ्यायचं की नाही यावर त्या बायकांमध्ये दोन दिवस खल चालला. शेवटी घेतलं, नाव तेच राहिलं. वर्षभर तो मम्मीजमध्ये गृहपाठ विचारत होता.

किराणा तो एक्सेलमध्ये लिहायचा. तूरडाळ दर महिन्याला किती ग्रॅम उडते याचा त्याने आलेख काढला होता. कुकरच्या शिट्ट्या मोजताना फोन आला की आकडा चुकायचा, मग वरणात डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. पण शिकला. दोन महिन्यांत पोळ्या सोडून सगळं यायला लागलं आणि मग सुरू झाला कौतुकसोहळा. माझी आई आमच्याकडे भांडुपला राहायला आली आणि गावभर सांगत सुटली, "जावई भात लावतात हो!" ज्या काकू दार किलकिलं करायच्या त्यांनी आता स्वतःच्या नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात याला शाबासकी दिली. मी त्या घरात बारा वर्षं भात लावत होते. माझ्या भाताबद्दल कोणी बोललंच असेल तर तो गिचका झाला त्या दिवशी.

आपण सगळे का हसलो? पुरुष स्वयंपाकघरात पाहुणा असतो म्हणून. पाहुण्याने बशी फोडली की गंमत होते, आणि पाहुणा चार दिवसांनी जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. 'मिस्टर मॉम'मध्ये शेवटी जॅकचा जुना साहेब त्याला परत बोलवायला येतो. तो येणार याची खात्री पहिल्या रिळापासून असते, म्हणूनच आपण गोधडी गिळणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरला हसू शकतो. आता याच पटकथेत माणसं बदला. कॅरोलाइनची नोकरी जाते आणि ती घरी बसते. मशीन फुटणार नाही, कारण तिला ते लावता येतं. शाळेच्या गेटवर ती चुकणार नाही. वरण बिघडणार नाही. हसण्यासारखं काही घडणारच नाही, आणि रडण्यासारखंही दिसणार नाही. सिनेमा दहाव्या मिनिटाला संपेल. माझं म्हणणं एवढंच आहे, की हीच पटकथा आपल्या सरकारी पाहण्यांनी, कायद्यांनी आणि नातेवाइकांनी बिनातक्रार स्वीकारली आहे. बाईची नोकरी गेली तर 'काही घडलं' अशी नोंदच कुठे होत नाही.

तो सिनेमा आला तेव्हा अमेरिकेत बेकारी जोरात होती. १९८२ च्या अखेरीस दर १०.८ टक्क्यांवर गेला होता, आणि मोटारींच्या डेट्रॉइटला त्याचा तडाखा जबर होता. याच काळात आपल्याकडे परळ-लालबागमध्ये काय चाललं होतं ते सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. जॅकला परत बोलवायला साहेब आला. आपल्याकडे कोणी आलं नाही, टॉवर आले. त्यामुळे आपल्या रंगभूमीवर या नोकऱ्या जाण्यावर आलं ते जयंत पवारांचं 'अधांतर', आणि ते बघून कोणी हसत बाहेर पडलेलं मला आठवत नाही. आपले गाजलेले विनोदी सिनेमे नोकरी आणि खोली मिळवण्याच्या खटपटीवर आहेत. १९८८ ची 'अशी ही बनवाबनवी' खोलीसाठीच तर आहे. गेलेल्या नोकरीला हसायची ऐपत आपल्याला नव्हती.

पण गिरणगावाची गोष्टसुद्धा आपण पुरुषांचीच सांगतो. माझे सासरे गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे मागावर होते. संपात तेही घरी बसले, करी रोडच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. घर चाललं ते सासूबाईंच्या डब्यांवर. त्या सकाळी चारला उठून अकरा डबे करायच्या. घरात आजवर ती गोष्ट "बाबांचा संप" याच नावाने सांगितली जाते. अकरा डब्यांना नाव नाही. खरं तर खाणावळवाल्या बायका संपाच्याही आधीपासून गिरणगाव पोसत होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं, म्हणजे बँकेच्या वहीत तरी त्या 'धंदा करणाऱ्या' ठरल्या.

आणखी एक पिढी मागे गेलं तर आजेसासूबाई. त्या स्वतः गिरणीत होत्या, वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. घरात कोणाला विचारलं की त्यांनी काम का सोडलं, तर उत्तर ठरलेलं: "मुलं झाली, मग सुटलं." मीही तेच धरून चालले होते. पुढे गिरण्यांच्या इतिहासाचं जरा वाचायला लागले तेव्हा कळलं, की शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. संप झाला तोवर त्या शोधून काढाव्या लागत होत्या. एवढ्या सगळ्यांची मुलं काही एकदम झाली नव्हती. रात्रपाळीला बायकांना कायद्याने बंदी होती आणि गिरण्या दुसरी-तिसरी पाळी चालवायला लागल्या. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, चांगलाच झाला, पण पैसे मालकाने द्यायचे होते. मालकांनी हिशेब केला आणि नवी बाई घेणंच कमी केलं. नवी मशिनं आली तेव्हा छाटणी झाली ती बहुतेक वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांत, म्हणजे बायका जिथे होत्या तिथेच. युनियनने पुरुषाच्या पगारात कुटुंब चाललं पाहिजे ही मागणी लावून धरली आणि बायकांच्या कामाचा मुद्दा मागे पडला. हजारो बायकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याला संप म्हणत नाहीत, टाळेबंदी म्हणत नाहीत. प्रत्येक घरात ते "मुलं झाली, मग सुटलं" एवढंच उरलंय.

हा हिशेब आजही तसाच आहे. २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली. राज्य कामगार विमा योजनेखाली (ईएसआय) न येणाऱ्या कंपनीत तो सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा. आमच्या ऑफिसात मुलाखती झाल्या की साहेब लग्नाच्या वयाच्या मुलींचे अर्ज वेगळ्या ढिगात ठेवायचे. मी अकाउंट्सला होते, मला तो ढीग दिसायचा. हा खर्च सार्वजनिक निधीतून झाला पाहिजे, नाहीतर बाळंतपणाचा प्रत्येक चांगला कायदा कुठल्यातरी मुलीची मुलाखत रद्द करत राहणार.

मुंबईत बायकांचा रोजगार एका फटक्यात गेल्याचं अलीकडचं एखादं मोठं उदाहरण मागितलं, तर डान्स बार म्हणून कोणी सांगणार नाही. २००५ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने बंदी आणली. तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना मात्र त्यातून सूट होती. बारबालांची संख्या पंचाहत्तर हजार असल्याचं त्यांच्या संघटना सांगत. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जुलैत तेच कायम केलं. आठ वर्षं चर्चा झाली ती संस्कृतीची. बेरोजगारी हा शब्द त्यात अभावानेच आला. ते काम चांगलं होतं का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात माझी मतं काही फार उदार नाहीत. पण महिन्याचं भाडं त्यातून जात होतं, आणि ते थांबलं. एखादा कारखाना बंद पडून एवढे पुरुष रस्त्यावर आले असते तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

आता सरकारी वहीकडे येऊ. श्रमशक्तीची जी पाहणी होते तिच्यात घरातल्या प्रत्येक माणसाला कामावरून एक आकडा मिळतो. काम नाही पण शोधतोय किंवा करायला तयार आहे, त्याला ८१. घरकाम करणारीला ९२. ८१ वाला बेरोजगार मोजला जातो. ९२ वाली श्रमशक्तीच्या बाहेर, म्हणजे बेरोजगारीच्या दरात ती वर अंशातही नाही आणि खाली छेदातही नाही. २०१३ मध्ये आमच्या दारात पाहणीवाला आला असता तर भात लावणारा माझा नवरा ८१ झाला असता. २०२० मध्ये आला असता तर दार सासूबाईंनी उघडलं असतं, घरातल्या सगळ्यांची माहिती त्यांनीच दिली असती, आणि "सून?" या प्रश्नावर त्या म्हणाल्या असत्या, "घरीच असते." ९२. अकरा वर्षं मी आठ बाराची स्लो पकडून घाटकोपरला उतरत होते, २०१४ नंतर तिथून मेट्रोने अंधेरी, आणि रात्री आठला परत. हे सगळं त्या दोन आकड्यांत मावलं असतं.

पाहणीवाल्याला मी दोष देत नाही. तो विचारेल तेच लिहिणार. पूर्वीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांना एक जोडप्रश्न असायचा: घरी राहून करता येण्याजोगं काम मिळालं तर कराल का? बऱ्याच जणी हो म्हणायच्या. तेवढा एक प्रश्न विचारला की ९२ च्या आत किती ८१ दडलेल्या आहेत ते दिसायला लागतं. माझी मागणी त्याच्याही पुढची आहे. आधी नोकरी होती का आणि ती कशी संपली, हे त्या बाईला स्वतःला विचारावं, सासूला नाही. कोणी म्हणेल, बायकांचा सहभाग वाढतोय, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. झाला. पण त्यातली मोठी वाढ खेड्यांत आहे, आणि त्यात घरच्या शेतीत, घरच्या दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही धरल्या आहेत. शहरात अजून २८ च्या आसपासच गाडी आहे. अंधेरीच्या ऑफिसातून घरी पाठवलेली अकाउंटंट त्या वाढीत सापडणार नाही.

आता माझी नोकरी कशी गेली ते. त्या जूनमध्ये एचआरच्या मुलीचा फोन आला. बिचारी पंचविशीची, आवाज कापत होता. कंपनीचं बुकिंग शून्यावर आलंय, अमुक लोकांना जावं लागेल, पण "टर्मिनेशन नको मॅडम, रेकॉर्ड खराब दिसतं, तुम्ही राजीनामा पाठवा, मी फॉरमॅट देते." फॉरमॅट आला. त्यात कारणाच्या जागी आधीच टाइप केलेलं होतं: कौटुंबिक कारणास्तव. माझ्याबरोबर डिस्पॅचचा एकजण गेला, त्याच्या फॉरमॅटमध्ये होतं 'वैयक्तिक कारणास्तव'. आम्ही नंतर फोनवर ताडून पाहिलं आणि हसलो. बायकांसाठी वेगळा फॉरमॅट होता! कुटुंबाने मला काही सांगितलं नव्हतं. कुटुंबाला तर त्या पगाराची गरज होती. पण कागदावर माझी नोकरी माझ्या घरच्यांनी घेतली, कंपनीने नाही.

यात नुसता शब्दांचा खेळ नाही, पैसे आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ पासून कामगाराला कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, अशी तरतूद होती. २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती कायम आहे, शिवाय नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार मालकाने भरायचा आहे. पण कायद्याला कमी केलेला माणूस लागतो. राजीनामा दिलेल्या माणसाला कोणी कमी केलेलंच नसतं. आता मी कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' बसत होते की नव्हते, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकले असते, पण ती वेळच आली नाही. मी फॉरमॅटवर सही केली. म्हणून मला वाटतं, ज्या महिन्यात कंपनीतून ठरावीक संख्येपेक्षा जास्त राजीनामे जातात, त्या महिन्यातल्या राजीनाम्यांची कारणं कामगार खात्याने त्या माणसांना स्वतः फोन करून विचारावीत. फार मोठं यंत्र लागत नाही त्याला. एक टेलिफोन लागतो.

इथे नवऱ्याची बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर तो वाचून फुरंगटेल. पुरुषांसाठी नोकरी जाणं ही केवळ गंमत असते असं मला मुळीच म्हणायचं नाही. लोक केळी घेऊन आले ते नंतर. त्याआधी तीन आठवडे हा रोज डबा घेऊन आठला घराबाहेर पडत होता. मुलुंडला मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मागच्या स्टुलावर बसायचा, दुपारी डबा खायचा, सहाच्या ठोक्याला निघायचा. मला तिसऱ्या दिवशी कळलं, कारण डब्याला झेरॉक्सच्या शाईचा वास येत होता. मी अठरा दिवस काही बोलले नाही आणि डबा भरून देत राहिले. त्याचं दुःख खोटं नव्हतं. पण त्याच्या दुःखाला घरात जागा होती: व्रत होतं, केळी होती, माझं न बोलणं होतं. मला लपवण्यासारखं काही नव्हतंच. मी घरी बसले तर चित्र बिघडत नव्हतं, उलट जागच्या जागी आलं होतं.

आणि हेही खरं, की पहिले दोन महिने मला फार बरं वाटलं. दुपारी झोपले. अकरा वर्षांत आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी झोपले नव्हते. सगळ्याच बायकांना नोकरी हवी असते असं नाही, आणि ज्यांना नको त्यांना ओढून आणायचं माझं काही आंदोलन नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र स्वतःच्या पैशाने रिक्षा करायची सवय मोडली तेव्हा घशाशी काहीतरी आलं.

घरकामाचं मोल हा विषय निघाला की लोक आकडे फेकतात, म्हणून मीही दोन फेकते. सरकारच्या वेळेच्या वापराच्या पाहणीप्रमाणे २०१९ मध्ये घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होती आणि करणारा पुरुष ९७. २०२४ मध्ये बाईची २८९ झाली आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांनीही नऊ मिनिटं सोडून दिली. मुळात यात हात लावणारे पुरुष चौघांत एकाहून थोडेच जास्त. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या एका अपघात भरपाईच्या निकालात २०११ च्या जनगणनेचा आकडा दिला होता: घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ कोटी ९८ लाख, पुरुष ५७ लाख ९० हजारांच्या आसपास. गृहिणीचं उत्पन्न शून्य धरू नका, असं त्या निकालात आहे. म्हणजे बाईच्या कामाची किंमत ठरते, पण ती गाडीखाली आल्यावर.

'मिस्टर मॉम'मध्ये हा मुद्दा चुकून नीट आला आहे, आणि म्हणून मला तो सिनेमा आवडतो. कॅरोलाइन टूना माशाच्या डब्यांची जाहिरात करते. ऑफिसातले साहेबलोक काहीबाही सुचवत असतात. ती सांगते, मंदी संपेपर्यंत डब्याची किंमत पन्नास सेंटने उतरवा आणि लोकांना तसं सरळ सांगा. हे तिला सुचतं, कारण कालपर्यंत ती स्वतः दुकानात किंमत बघून डबा परत फळीवर ठेवणारी बाई होती. कंपनीला फायदा झाला तेव्हा त्याला हुशारी म्हणाले. घरात त्याला काटकसर म्हणत होते. जॅकला परत नोकरी मिळते तेव्हा त्याच्या अर्जावर 'इतके महिने घर चालवलं' असं लिहिलेलं नसणार. माझ्या नवऱ्याच्याही नव्हतं. त्या चौदा महिन्यांसाठी त्याने लिहिलं होतं 'फ्रीलान्स कन्सल्टन्सी'. मी म्हटलं, डाळीचा आलेख जोड की. तो म्हणाला, वेड लागलंय का.

मला पुन्हा काम मिळालं ते २०२२ मध्ये, मुलुंडच्या एका सीएकडे, आधीच्या पगाराच्या साठ टक्क्यांवर. मुलाखतीत विचारलं, मधे दोन वर्षं काय करत होता? मी म्हटलं, घरी होते. ते म्हणाले, अच्छा, ब्रेक घेतला होता.

आतापर्यंत मी दोन नोकऱ्यांबद्दल लिहिलं. २०२० मध्ये आमच्या घरातून आणखी एक गेली. आमच्याकडे नऊ वर्षं केर-लादी-भांडी करायला एक बाई येत होत्या, भांडुपच्या डोंगरावरून उतरून. मार्च-एप्रिल-मेचे पैसे त्या न येताही आम्ही दिले आणि त्याचं मला स्वतःला बरंच भूषण होतं. जूनमध्ये मीच घरी बसले. मग मी फोन करून सांगितलं, आता मी असते घरी, सध्या नको. त्या म्हणाल्या, "बरं ताई. बाल्कनीत माझी छत्री हाय, ती ऱ्हाऊ दे." नोटीस नाही, वर्षाला पंधरा दिवस नाहीत. घरकामगारांसाठी राज्यात २००८ पासून कायद्याने मंडळ आहे, पण मी त्यांना कधी त्यात नोंदणी केलीत का म्हणून विचारलं नव्हतं.

जुलैत सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर एक तक्ता टाकला. गेटचे पास रद्द करायचे होते. फ्लॅट नंबर, बाईचं नाव, पास नंबर. तक्त्याच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'काम सोडून गेलेल्या बायका'. मी आमचा फ्लॅट नंबर शोधला, पुढे त्यांचं नाव टाइप केलं, पास नंबर टाकला आणि पाठवून दिलं.